कुंकवाचा फोटो

आमच्या गटात कुणाच्या बाल्कनीत बुलबुलाने काडी आणून ठेवली तरी बारशाचा थाट असायचा. अभिनंदन काय, आशीर्वाद काय, पिल्लांना नावं काय सुचवायची! मी हे आज कुचेष्टेने लिहिते आहे, पण तेव्हा त्या अभिनंदनात माझाही आवाज असायचा आणि तो सगळ्यांत मोठा असायचा.

दोन हजार पाच-सहाचे दिवस. मालवणच्या बाजारात एका सायबर कॅफेत मी कामाला होते. परीक्षांचे फॉर्म भरून देणं, अर्ज टाइप करणं, आखातात गेलेल्या नवऱ्याला बायकोचा निरोप पाठवणं, असं काहीबाही. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. अशाच एका दुपारी मला तो निसर्गप्रेमींचा ई-मेल गट सापडला. पुणे, नागपूर, सांगली, नाशिक, कुठली कुठली माणसं. मराठीच लिहायची, पण इंग्रजी अक्षरांत. सकाळी उठल्यावर पहिला पक्षी कोणता दिसला ते प्रत्येकाने कळवायचं आणि मग त्याच मेलमध्ये सुनेला दिवस गेले, दाढ काढली, कामवाली आली नाही, हेही सांगायचं. बाकीच्यांची खिडकी कुठल्या तरी भिंतीवर उघडायची. माझ्या घरासमोर समुद्र. त्यामुळे मी बघता बघता सगळ्यांची लाडकी झाले.

समुद्रगरुडाने माशाला कशी झडप घातली, कुरव पक्षी यंदा कधी आले, वालावलच्या मावशीकडे गेले तेव्हा तळ्यावर काय दिसलं, हे मी लिहायची. आणि त्याच्या जोडीला घरचं. आमची रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी अर्धगोल फिरवून जाळं सोडते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, आणि अख्खी आळी ते दोर ओढत जाळं बाहेर काढते. माझे बाबा त्या रापणीचे म्होरके. मला ते अजून ‘चेडू’च म्हणतात, म्हणजे पोरगी. आई टोपली घेऊन बाजारात बसते. हे सगळं वाचून गटातली माणसं भारावून जायची. ‘किती निसर्गाच्या जवळ जगता तुम्ही!’ असं एकीने लिहिलं होतं. आई दिवसभर बाजारात बसून कंबर धरून घरी यायची, तेव्हा मला ते वाक्य आठवायचं आणि हसू यायचं.

त्या गटात पुण्याची एक ताई होती. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी, बँकेत नोकरी, मूलबाळ नाही. आम्ही एकमेकींना रोज लिहायचो. आईच्या गुडघ्यांसाठी कोणता व्यायाम करायचा ते ती कळवायची. माझं लग्न मोडलं तेव्हा घरातल्या कुणाच्या गळ्यात पडून मी रडले नाही, तिला मात्र पानभर लिहिलं. एकदा तिने तिचा जुना डिजिटल कॅमेरा कुरियरने पाठवून दिला. आईला त्याचं इतकं अप्रूप वाटलं की तिने ताईसाठी सोलं, म्हणजे आमसुलं, आणि सुके बांगडे बांधून पाठवले. मग महिनाभर रोज एकच प्रश्न, “तिका सोलां पोचली काय गो? काय म्हणता तुझी ती ताई?” ताईने सोलांचं फार कौतुक केलं होतं. बांगड्यांबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. मी आईला सांगितलं, दोन्ही आवडले.

नारळी पौर्णिमा होऊन रापणी सुरू झाल्या होत्या. सकाळी कॅफेत निघण्याआधी मी किनाऱ्यावर गेले, तर दोर ओढणारे सगळे थांबलेले. बाबा हात वर करून आमच्या घराकडे ओरडत होते, “देव इलो हा जाळ्यात! नारळ घेवन ये गो बेगीन!”

रापणीत कासव येणं म्हणजे आमच्याकडे देव येणं. तो कुठल्या पोथीतला दाखला नाही, ती वहिवाट आहे. कासव जाळ्यातून हातांनी सोडवतात, त्याला हळदकुंकू लावतात, नारळ फोडून त्याचं पाणी त्याच्यावर घालतात आणि चारजण उचलून पाण्यात नेऊन ठेवतात. देव लाटेत दिसेनासा होईपर्यंत कुणी माशाला हात लावत नाही. तोवर जाळ्यातल्या तारल्यांवर घारींची चैन. गिऱ्हाईक ताटकळलं, बर्फाची गाडी निघून गेली, तरी चालतं. आणि नारळ घरून येईपर्यंत देवाने निघून जाऊ नये म्हणून त्याला वाळूवर उताणं घालतात. एरवी देवाला कुणी उताणं घालत नाही हे मलाही कळतं. पण आमचे देव असेच आहेत, घरातल्या माणसासारखे. आम्ही त्यांना गाऱ्हाणं घालतो, कौल मागतो, वेळ आली तर रागे भरतो.

त्या दिवशी मी फोटो काढला. बाबा गुडघ्यांवर बसून त्या उताण्या पोटावर कुंकू लावताहेत. नुकताच नारळ फुटलाय. पाण्यात मिसळलेलं कुंकू बाबांच्या मनगटापर्यंत आलंय आणि खाली वाळूत ओघळ गेलाय. मागे कुणाचा तरी पाय घसरला म्हणून माणसं खिदळताहेत. मला तो फोटो फार आवडला. बाबांच्या तोंडावर देवळात असतो तसा भाव होता. तो फोटो काढण्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. कुणी तसं सुचवलं तर मी भांडेन.

दुपारी मी तो गटावर टाकला. ‘आज आमच्या रापणीत देव आले होते, मान घेऊन परत गेले,’ एवढंच खाली लिहिलं. आणखी काय लिहायचं? माझ्या घरची माणसं, माझा गट. घरच्यांना घरचं समजावून सांगायला लागत नाही, असं मला वाटलं होतं.

पहिलं उत्तर आलं, ‘अरे देवा, किती रक्त!’ दुसरं, ‘आणि ही माणसं हसताहेत?’ तिसऱ्याने कासव उताणं ठेवलं तर त्याला श्वास घेणं कसं अवघड जातं यावर चार परिच्छेद लिहिले. मी घाईघाईने लिहिलं की ते कुंकू आहे, त्याला लगेच सोडलं, त्यासाठीच ते सगळं चाललं होतं. त्यावर एका गृहस्थांनी लिहिलं, ‘श्रद्धेच्या नावाखाली आपण किती क्रौर्य खपवून घेणार?’ हे गृहस्थ रोज सकाळी कबुतरांना दाणे घालायचे आणि त्याचं वर्णन आम्हाला सोसायला लागायचं. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी खूप पाहिली, पण यांना तर शेळीही माहीत नव्हती.

मी ताईची वाट पाहत होते. ती एक ओळ लिहील आणि सगळे गप्प होतील. ती माझ्या आईला ओळखत होती, बाबांचा सर्दीताप तिला माहीत होता. दोन दिवसांनी तिने लिहिलं. मला नाही, सगळ्या गटाला. ‘खूप विचार केला. मन जड झालं आहे. पण मुक्या प्राण्याचा प्रश्न असताना नाती मध्ये आणता येत नाहीत. मी फोटो योग्य ठिकाणी पाठवला आहे.’

खाली अभिनंदनांची रांग लागली होती. बुलबुलाच्या काडीला लागायची तशीच.

योग्य ठिकाण म्हणजे कुठलं, ते थोड्याच दिवसांत कळलं. वनखात्याचा माणूस घरी येऊन बाबांना कचेरीचं बोलावणं देऊन गेला. का, ते त्याने सांगितलं नाही. बाबांना साहेबाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. समुद्रात वारा फिरला तरी न डगमगणारा माणूस, पण टेबलापलीकडच्या शुद्ध मराठीला घाबरतो. म्हणून ते मला म्हणाले, “तू चल गो वांगडा. तुका तसा बोलूक येता.” ताईने काय केलंय ते मी त्यांना सांगायला हवं, असं वाटेवर शंभरदा मनात आलं. पण मला खरंच वाटत होतं की मी तिथे नीट समजावून सांगेन आणि प्रकरण मिटेल. आपलं बोलणं चांगलं आहे याचा मला फार गर्व होता.

साहेबाने टेबलावर फोटो ठेवला. कागदावर छापलेला, काळसर उतरलेला. त्यात कुंकू खरोखरच रक्तासारखं दिसत होतं. बाबा त्या फोटोकडे बघत राहिले. त्यांनी स्वतःचा फोटो फारसा कधी पाहिलाच नव्हता.

“ता रगत नाय हो साहेब, ता कुंकू,” ते म्हणाले. “नारळ येयसर ता चलान जाय नये म्हणान उताणा घातला. आमचो देव तो.”

मी ते सगळं पुन्हा शुद्ध मराठीत सांगितलं. वहिवाट सांगितली, मासे तसेच पडून राहतात तेही सांगितलं. बाहेरचे ट्रॉलर रात्रंदिवस समुद्र खरवडतात, त्यांच्या जाळ्यांत काय काय मरतं ते बघा म्हटलं. साहेब वाईट नव्हता. तो म्हणाला, “ताई, तुमचं पटतंय मला. पण तक्रार ट्रॉलरची नाही ना आलेली. फोटो यांचा आलाय.” चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मग त्याने बाबांना विचारलं, “हा फोटो काढला कुणी?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं.

“माका म्हायत नाय,” ते म्हणाले. “पर्यटक येतंत खूप.”

बाबा खोटं बोलल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. शेवटी, कासवाला पुन्हा इजा करणार नाही असं त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि सोडून दिलं. जे कधी केलंच नव्हतं ते पुन्हा करणार नाही म्हणून माझ्या बाबांनी सही केली. सही करताना त्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं, बरोबर जागेवर करतोय ना म्हणून.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. मग बाहेर बघतच म्हणाले, “आवशीन जिका सोलां धाडल्यान, तीच मां ती?”

“होय,” मी म्हटलं.

त्यावर ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान हलवली आणि तिकीट नीट घडी करून खिशात ठेवलं.

मी गटावर शेवटचं लांबलचक पत्र लिहिलं. कचेरीतलं सगळं लिहिलं, बाबांच्या सहीचंही लिहिलं. तो गट चालवणाऱ्या सद्गृहस्थांनी कळवलं की दोन्ही बाजूंच्या भावना त्यांना समजतात, पण या विषयाने गटाचं वातावरण बिघडतंय, तरी तो इथेच थांबवावा. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सुगरणीच्या खोप्याचा फोटो टाकला आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकून तिकडे वळले. ताईने मला वेगळं लिहिलं, ‘मनाला लावून घेऊ नकोस. हे तुझ्याविषयी नव्हतंच. आईचे गुडघे कसे आहेत?’ मी त्याला उत्तर दिलं नाही. तिचा राग मला अजून येतो. तिला कासवाची कणव होती हे मी मान्य करते. पण एक फोन करून मला विचारावंसं तिला वाटलं नाही. इतके दिवस रोज लिहून तिला आमच्याविषयी नक्की काय समजलं होतं, कुणास ठाऊक. गट मी सोडला. माझ्यापुरता विषय संपला असं मी धरून चालले.

पुढच्या थंडीत, एका रविवारी सुट्टी होती म्हणून मी रापणीवर निघाले. माडांतून बाहेर आले तर दोर सैल पडलेले, माणसं पाण्याशी गोळा झालेली. मधे काळं, मोठं काहीतरी हलत होतं. मला आनंद झाला. देव आले होते. घरातून नारळ आणायला परत वळावं की पुढे जावं अशा विचारात मी क्षणभर थांबले. माझे हात मोकळे होते, कॅमेरा तर मी कधीच पेटीच्या तळाशी टाकला होता.

तेवढ्यात कुणीतरी मला बघितलं आणि बाबांच्या खांद्याला हात लावला. बाबांनी वळून पाहिलं. वारा माझ्याकडे वाहत होता, त्यामुळे त्यांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं.

“सोडा रे बेगीन. चेडू येता.”

चौघांनी कासव उचललं आणि कुंकू नाही, नारळ नाही, तसंच पाण्यात लोटलं. मी जाऊन पोचले तोवर सगळे दोराला लागले होते. मीही दोर धरला. बाबा सरकले आणि त्यांनी मला जागा करून दिली.