रतनने साफ करून दिलेला कॉम्प्युटर

रेवसच्या अलीकडच्या आमच्या कोळीवाड्यात रतनच्या वाटेला कुणी जात नाही. बाईच्या नाकावर राग. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात बावीस वर्षं काढलीत तिने, आणि त्यातली निम्मी तरी कुणाला ना कुणाला झापण्यातच गेली असतील. होड्यांची नोंदणी, डिझेलचे अर्ज, विम्याचे कागद, सगळं तिच्या हाताखालून जातं. त्याशिवाय कुणाच्या पोराचा दाखला, कुणाच्या म्हातारीचं पेन्शन, हेही टाइप करून घ्यायला लोक तिच्याकडेच येतात. ती शिव्या घालते आणि करून देते.

तिचा एक नियम होता. बाहेरचा पेन ड्राइव्ह तिच्या कॉम्प्युटरला लावायचा नाही. आधी तिने तपासायचा, मग लावायचा. एकदा एकाने गपचूप लावायला घेतला तर तिने त्याच्या हातावर फुटपट्टी हाणली होती, अन् तो गडी चांगला तीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप. "तुझ्या पायातली घाण माझ्या घरात नको," म्हणाली. लोक हसले. हसा म्हणावं.

आणि नियम मोडला कुणी? खुद्द चेअरमन दयारामने! रतन जेवायला घरी गेली होती, तेवढ्यात यांना भाचीच्या हळदीचा व्हिडिओ बघायची हौस आली. कुणाकुणाकडे फिरून आलेला तो पेन ड्राइव्ह लावला, आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडायलाच अर्धा तास घ्यायला लागला. फायली दिसायच्या, पण उघडायच्या नाहीत. रतनने दयारामला चारचौघांत असं काही सुनावलं की तो आठवडाभर ऑफिसच्या पायरीवरूनच बोलायचा. शेवटी अलिबागच्या प्रज्योतने, त्याचं तिथे रिपेअरिंगचं दुकान आहे, येऊन व्हायरस काढला आणि कामाच्या फायली वाचवल्या. पण मशीन म्हातारं झालंय, नवं घ्या, असंही सांगून गेला. सोसायटीने नवं घेतलं.

जुन्यावर काय काय होतं ते रतनलाच ठाऊक. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हेतलचा अर्ज.

हेतल म्हणजे सुजितची बायको. सुजित प्यायचा आणि मारायचा. वाड्याला ठाऊक होतं आणि वाड्याने कानाडोळा केला, हे लिहितानाही माझं पित्त खवळतं. एका सकाळी हेतल पोरीला घेऊन रेवसच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसली ती परत आली नाही. कुठे गेली ते फक्त रतनला ठाऊक, कारण पोरीचा शाळेचा दाखला मिळवायचा अर्ज रतननेच टाइप केला होता, नव्या पत्त्यासकट. सुजित आणि त्याचा भाऊ विनेश मुंबईपर्यंत हुडकून आले. "सापडली तर तंगडी मोडून आणीन," असं सुजित जेटीवर उभा राहून सांगायचा. अर्ज गेल्यावर हेतलने फोनवर विचारलं होतं, मावशी, ते पुसलंस ना? आणि रतनने छातीठोक सांगितलं होतं, पुसलं, आता देवालाही सापडायचं नाही.

जुलैच्या शेवटी, होड्या पाण्यात जायच्या आधी, सोसायटी जुन्या सामानाचा लिलाव करते. फाटकी जाळी, गंजलेलं इंजिन, दोरखंड. यंदा त्या यादीत दयारामने कॉम्प्युटरही टाकला आणि मशीन जाळ्यांच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. जाळं विकताना त्यात पूर्वी काय सापडलं होतं हे कोण विचारतं? तोच हिशोब त्याने इथे लावला. रतनने काही हरकत घेतली नाही. फायली पुसल्या होत्या, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली होती. तिच्या लेखी विषय संपला होता.

लिलावाच्या आदल्या दिवशी ती अलिबागला गेली. पेन ड्राइव्हमधली विम्याची यादी तिच्याच हातून चुकून पुसली गेली होती. प्रज्योतने दहा मिनिटांत यादी परत आणली. नुसती ती नाही, दोन वर्षांपूर्वी पुसलेलंही वर आणलं. रतन स्क्रीनकडे बघतच राहिली. तिने विचारलं, कॉम्प्युटरमधलंही असंच येतं का वर? येतं की, तो म्हणाला. पुसलं म्हणजे यादीतलं नाव तेवढं खोडलं, मजकूर आत तसाच पडून राहतो. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं तरच तो जातो. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लावावा लागतो, नाहीतर आतली डिस्क काढून फोडावी लागते.

रतनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग प्रज्योतवर नव्हता, दयारामवरही नव्हता. आपण त्या पोरीला काय सांगून बसलो!

परत आल्यावर ती थेट दयारामच्या घरी गेली. शेडला कुलूप नव्हतं, मशीन तिथे आठ दिवस उघड्यावर पडलं होतं. मला आतली डिस्क तेवढी काढू दे, म्हणाली. दयारामने हात झटकले. लिलावाच्या फळ्यावर नाव लागलं की त्या वस्तूतला खिळासुद्धा काढायचा नाही, हा सोसायटीचा रिवाज. मागे एकाने यादी लागल्यावर इंजिनचे पार्ट काढले होते तर डोकी फुटली होती. जाताना वर म्हणतो कसा, कोण बघतंय त्या डबड्यात?

बघणारा दुसऱ्या दिवशी समोर उभा राहिला. विनेश. याच्या घरात टीव्हीचा रिमोट धड कुणाला चालवता येत नाही, आणि हा कॉम्प्युटरवर बोली लावतोय! भंगारवाला थांबला तरी विनेश चढवत गेला. दयारामने तीनदा पुकारलं. बोली पडली, माल विनेशचा झाला.

विनेश उचलायला वाकला तेव्हा रतन पदर खोचून पुढे आली. एका हातात स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्या हातात सुताराकडून आणलेला हातोडा.

"हात लावू नको," विनेश म्हणाला. "माल हाय तसा माझा."

"तुझाच हाय," रतन म्हणाली. "पण कोळणीकडून मासा घेतलास तर ती साफ करून देते ना? पोटातली घाण घेऊन घरी जातोस का कधी? हा पण मी साफ करून देते."

विनेश हसायला गेला, पण मागच्या बायका हसत नव्हत्या. मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या पंधरा-वीस जणी होत्या तिथे. त्यातली नलू, वाड्यातली सगळ्यात जुनी विक्रेतीण, पुढे येऊन रतनच्या शेजारी उभी राहिली. ती एवढंच म्हणाली की साफ करून देणं आमचा रिवाज हाय, आणि तो नको असेल त्याने आपली मासळी आपणच बाजारात नेऊन विकावी. विनेशच्या होडीचा सगळा माल याच बायका विकतात. तो दयारामकडे बघायला लागला. दयारामला अचानक फळ्यावरची यादी वाचायची घाई झाली.

रतनने डबा उघडला, डिस्क काढली, जेटीच्या दगडावर ठेवली आणि होडीला मारतात ते लांब खिळे तिच्यातून आरपार ठोकले. एक, दोन, तीन. चौथा ठोकताना ती रडत होती आणि शिव्या देत होती. कुणाला देत होती ते कळत नव्हतं. मग रिकामा डबा तिने विनेशच्या पायाशी सरकवला.

घरी जाऊन तिने हेतलला फोन लावला. काही लपवलं नाही. आठ दिवस शेड उघडी होती हेही सांगितलं.

मग हेतलने विचारलं, "पुसलं म्हणाली होतीस ना, मावशी?"

"म्हणाले होते."

"त्या आठ दिवसांत कुणी बघितलं असेल?"

न्हाय म्हणणं सोपं होतं. रतनच्या ओठावर आलंही होतं. पण ती म्हणाली, "मला माहीत न्हाय, पोरी."

त्याच आठवड्यात हेतलने घर बदललं, पोरीची शाळा बदलली. वर्षात दुसऱ्यांदा. पोरगी नुकती त्या शाळेत रुळली होती. निघाल्याचं तिने फोन करून सांगितलं. रतनने सवयीने कागद ओढला, पेन उघडलं आणि नवा पत्ता विचारला.

"न्हाय सांगणार, मावशी," हेतल म्हणाली.

रतनने पेन बंद केलं. "बरं करतेस," ती म्हणाली. "मलापण सांगू नको."