शालीत गुंडाळलेली बर्गंडी

बाटलीचं बूच काचेच्या वर सरकलं होतं. ते टेबलावरच माझ्या लक्षात आलं.

बाटली पाहुण्यांची होती, मेश्राम साहेब आणि त्यांच्या मॅडमची. रायपूरच्या आमच्या हॉटेलात कुणी बाहेरची वाइन आणली, तर ती आम्ही उघडून, ओतून देतो. त्याच्या चार्जला कॉर्केज म्हणतात. मेश्राम साहेब त्याच दिवशी उरला औद्योगिक वसाहतीतल्या पोलादाच्या रोलिंग मिलमधून रिटायर झाले होते. ही लाल बर्गंडी त्यांना मशीन बसवायला आलेल्या एका फ्रेंच इंजिनियरनं दिलेली. साहेब रिटायर होतील त्या दिवशी दोघांनी मिळून प्यायची, असं नवराबायकोचं ठरलं होतं. मॅडमनी तर आयुष्यात अशा कशाला हात लावला नव्हता.

"कुठे ठेवली होती, मॅडम?" मी विचारलं.

"माझ्या कपाटात, शालीत गुंडाळून. सात उन्हाळे कोणाले हात लावू देला नाही," त्या मोठ्या अभिमानानं म्हणाल्या.

झालं! बर्गंडी फार नाजूक वाइन. तिला थंडावा लागतो. इथल्या मे महिन्यात बंद कपाटाची भट्टी होते. आतली वाइन फुगते, बूच वर ढकलते आणि चव पार जाते.

मी काउंटरवर जाऊन बॉसला सांगितलं.

"खोलने से पहले बोल दो," तो म्हणाला. "नहीं तो इल्ज़ाम हम पर आएगा."

त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. त्या बाईंना तोंडावर काय सांगू? तुम्हीच जपून जपून घालवली म्हणून?

परत टेबलापाशी आलो. "मॅडम, एक सांगायचं होतं..."

"तुम्ही उघडा हो," साहेब मध्येच म्हणाले. त्यांची नजर बुचावर होती. त्यांनाही कळलं होतं.

मी उघडली. पहिला घोट यजमानानं चाखून पास करायची पद्धत आहे, म्हणून साहेबांच्या ग्लासात थोडी ओतली. वास माझ्यापर्यंत आला, शिजवलेल्या मनुकांसारखा आणि आंबूस. साहेबांनी घोट गिळला.

"एकदम मस्त! हिलेही द्या."

मॅडमनी चाखली. ग्लास खाली ठेवून नवऱ्याकडे पाहिलं.

"खराब झाली ना? काहून खोटं बोलून राहिले? तुमचं तोंड मले तीस वर्षांपासून माहीत आहे."

साहेबांनी आपला ग्लास हळूच बाजूला सरकवला. मी गुपचूप बाटली उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या, भैया." मॅडमनी बाटली स्वतःकडे ओढली आणि दोन्ही ग्लास भरले. "दोघांनी प्यायचं ठरलं होतं ना? मंग पिऊ."

तोंडं वाकडी करत, एकमेकांना हसत, दोघांनी ते ग्लास संपवले. कंप्लेंट आली नाही.

बिघडलेली वाइन कशी ओळखायची, हे मी नव्या स्टाफला एका दुपारीत शिकवतो. ती टेबलावरून कोणत्या वेळी उचलायची नाही, हे कसं शिकवावं ते मला अजून जमलेलं नाही.