बसून भरायची ओटी

द्वारका गेल्याची खबर आली तेव्हा मी अंगणात तुरी वाळत घालत होते. तिच्या सुनेचा फोन होता. "मामी, आत्याबाई गेल्या." गावात ज्याला सांगितलं त्यानं पहिलं एकच विचारलं, पाण्यात का? नाही. बाजेवर. दुपारची झोपली ती उठलीच नाही. जन्म नावेत काढलेली बाई कोरड्या अंगानं गेली... मला त्यात नवल वाटलं नाही. पाण्याला तिनं कधी संधीच दिली नव्हती.

द्वारका माझी धाकटी नणंद. गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठी तिचं सासर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. नवऱ्यामागं नाव तिच्याकडं आली. पूल झाल्यापासून पलीकडं जायला नाव कुणाला लागत नाही, पण बंधाऱ्यानं पाणी तुंबलं आणि लोक हौसेनं फिरायला येऊ लागले. रविवारी लेकरंबाळं, लग्नसराईत नवरानवरी. नव्या जोडप्यानं भर पात्रात जाऊन गंगेची ओटी भरायची, ही आमची जुनी रीत. खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडायचे आणि त्या वेळी सगळ्यांनी उठून हात जोडायचे. देवीची ओटी चालली आणि आपण बसून राहिलो, हे आमच्यात कुणाला सोसत नाही.

मग कचेरीतून माणूस आला आणि नियम सांगून गेला. नावेत आठच्या वर माणूस नको, प्रत्येकाला पाण्यात तरंगवणारं जाकीट, आणि पाण्यात असताना कुणी उभं राहायचं नाही. बाकीच्या नाववाल्यांनी माना डोलावल्या आणि जाकिटं माळ्यावर टाकली. द्वारकानं नियम धरला तो धरलाच. ओटीलासुद्धा बसायचं. हिला देवाचा धाक नाही, असं बायका म्हणायच्या. मीही म्हणाले, "अगं, गिऱ्हाईक तुटंल."

"तुटू दे, वैनी. नाव पालथी होण्यापरीस बरं."

माझ्या धाकट्या पोराचं लग्न झालं तेव्हा आम्ही तिच्याच नावेत गेलो. व्याही सोनपेठचे, दुकानदार, मानाला जपणारे. नारिंगी जाकिटं पाहून विहीणबाईंनी नाक मुरडलं. "एवढ्या भारी शालूवर हे पोतं?"

"शालू भिजला तर वाळतो, विहीणबाई. पोरगी न्हाई वाळत," असं म्हणत द्वारकानं नवरीच्या जाकिटाचे पट्टे स्वतः आवळले. "आन ओटीला कुणी उठायचं न्हाई."

व्याही हसले. "म्हणजे गंगामायपुढं आमी मांडी घालून बसावं? लय शाणी हाय तुमची नणंद."

"गंगामाय खालून बघती. तिला बसल्यालं बी दिसतंय."

भर पात्रात माझ्या नव्या सुनेनं ओटी सोडली. नारळ हेलकावे खात निघाला आणि व्याही उठले. मुद्दाम नाही, जन्माची सवय... त्यांच्यामागं आणखी दोघं उठले, नारळ बघायला त्याच बाजूला झुकले. नाव कलली, काठ पाण्याला टेकला आणि व्याही गेले पाण्यात.

"बसा खाली!" द्वारका ओरडली. तो आवाज मी तिचा आधी कधी ऐकला नव्हता. सगळे बसले. व्याही जाकिटामुळं वर आले, पण पोहता येत नव्हतं, नुसते हातपाय झाडत होते. विहीणबाई त्यांच्याकडं झेपावल्या तर द्वारकानं वल्हं आडवं घातलं.

"कुणी हात द्यायचा न्हाई! एका बाजूला आलात तर सगळेच जाल."

"अगं, माझा नवरा हाय तो!"

"म्हणूनच बसा."

आणि विहीणबाई बसल्या. नवरा डोळ्यांदेखत पाण्यात, आणि बाई फळी धरून बसली. द्वारकानं दोर फेकला. "धरा, व्याहीबुवा. झाडाझाड करू नका, जाकिटानं धरलंय तुमाला." त्यांना तिनं वर ओढलंच नाही. दोराचं टोक नावेला बांधलं आणि त्यांच्याकडं तोंड करून, त्यांच्यावरची नजर न हलवता, शांत वल्हवत काठाला आली. पाण्यात उडी टाकणारी धीट माणसं मी पुष्कळ बघितली. पण उडी न टाकता, कुणाला टाकू न देता, नावभर माणसांना नुसत्या नजरेनं जागच्या जागी खिळवणारी ही एकच. त्या दिवशी मला तिची भीती वाटली. गाभाऱ्यात एकटं उभं राहिलं की वाटते तशी.

काठावर व्याही म्हणाले, "जनावरागत ओढत आणलं मला."

"जित्तं आणलं," ती म्हणाली आणि जाकिटं वाळत घालायला लागली.

गावात बोभाटा झाला की गंगेनं ओटी घेतली नाही. त्या लग्नसराईत तिच्या नावेत एकही वऱ्हाड बसलं नाही. ती रिकामी नाव धुऊन ठेवायची. एकदा दोघं म्हणाले, मावशी, ओटीपुरतं उभं राहू द्या. तिनं त्यांना काठावरूनच परत पाठवलं. पुढं माझ्या सुनेनंच माहेरी आणि जाईल तिथं खरी हकीकत सांगितली, तेव्हा कुठं लोक परत यायला लागले, आणि मग बाकीच्या नावांनाही जाकिटं माळ्यावरून काढावी लागली.

गेल्या आठवड्यात शेजारच्या पोराच्या लग्नात मी द्वारकाची नाव लागायची त्या घाटावर गेले. नाव दुसऱ्याची, नाववाला अनोळखी, नवरी लांबच्या गावची. ओटी सोडताना तिची आजी उठायला लागली, तशी पोरीनं तिचा पदर खाली ओढला. "आज्जे, बस. वटी बसूनच भरायची असती."

मी विचारलं, "कुणी सांगितलं गं तुला?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? पहिल्यापासून रीतच हाय. उभं राहिलं की गंगामाय कोपती."

नावेतल्या बायकांनी माना डोलावल्या. आजीनंसुद्धा. नारळ दूर जाऊन दिसेनासा होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही.