न भिजवलेलं लाकूड

सागवान परवडेनासं झालं, तेव्हा धुळ्यातल्या आमच्या फर्निचरच्या कारखान्यात आंब्याचं लाकूड आलं. स्वस्त, पण कीड फार. म्हणून ओंडके पावसाळाभर डोहात बुडवायचे, रस उतरू द्यायचा, मग सावलीत वाळवायचे. एवढं केलं की आंबाही टिकतो.

दुष्काळात पांझरा नदीचे डोह आटले. आंबराया वाळल्या. शेतकरी झाडं मिळेल त्या भावाला देऊ लागले. "लई जा भाऊ, बठ्ठं झाड वाळी गयं शे," एक म्हातारा माझ्या नवऱ्याला म्हणाला, आणि नवरा गाडी भरून घेऊन आला.

"भिजवणार कुठे?" मी विचारलं.

"तू पाणी आण, मी भिजवतो."

त्याच झाडाचा झोपाळा गल्लीतल्या कापडवाल्या शेटजींकडे गेला. वर सागवानी रंगाचं पॉलिश.

पुढे उरलेल्या फळ्यांखाली पिवळी भुकटी पडू लागली. झाडून काढली तरी सकाळी तेवढीच. फळी वरून गुळगुळीत होती. मी दाभण टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला.

नवरा लाकडासाठी जळगावला गेलेला. आणि शेटजींकडे त्याच दिवशी सुनेचं डोहाळजेवण होतं. तिला सातवा महिना. मी तशीच निघाले.

झोपाळ्याला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. खालची फरशी नुकतीच पुसलेली. तरी कडीखाली पिवळी रेघ होती.

"सुनेला यावर बसवू नका," मी शेटाणींना बाजूला घेऊन सांगितलं. "लाकूड किडलंय."

"आज असलं बोलतात का, वहिनी?" त्या मोठ्यानेच म्हणाल्या. "तुमचाच माल ना? मग आधी तुम्हीच बसा."

मी बसले. काही झालं नाही. बायका हसल्या. एकीने झोकाही दिला.

"बघा, तुमच्या वजनाला टिकला. सून तर काडी आहे. उठा आता."

हिरव्या साडीतली सून समोर ओटी सावरत उभी होती. मी साखळ्या धरून बसून राहिले. शेटाणींनी पुन्हा सांगितलं, उठा. मग कोणी हसेना. शेटाणींचा चेहरा उतरला. मंगल दिवशी पाहुणीला हात धरून ओढणार कसं? शेवटी सुनेला खुर्चीवर बसवलं.

गाणी सुरू झाली. मला कोणी कुंकू लावलं नाही. मी पाय जमिनीला टेकवून बसले होते, कारण फळीत, माझ्या मांडीखाली, बारीक करकर चालू होती.