धग ताऱ्याचा न लिहिलेला शेवट

साळवे सरांची आणि माझी पहिली भेट हर्सूलच्या वाचनालयात झाली, तीही पंख्यामुळे. तेव्हा मी वेरूळला लेण्यांबाहेर टोप्या विकायचो, त्याआधी शेंद्र्याच्या कारखान्यात होतो, त्याआधीचं सोडा, गौरवग्रंथातला हा लेख सरांवर आहे. ऊन मी म्हणत होतं, म्हणून आत शिरलो. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक असलेले सर दर रविवारप्रमाणे आपल्या हस्तलिखित कादंबरीचा पुढचा भाग पोरांना वाचून दाखवत होते. मग मीही दर रविवारी त्या पोरांत बसू लागलो.

त्या कादंबरीत धग नावाचा तारा आहे. निवांत नावाचे परग्रहवासी इतके सालस, की फळ तोडण्याआधी झाडाला विचारतात. धगीची किरणं अंगावर पडली की तेच निवांत दुसऱ्यांचे ग्रह जिंकत सुटतात. सरांना आम्हाला सावध करायचं होतं. आम्हाला मात्र किरणं पडल्यानंतरचे निवांतच आवडले. आम्ही सात जणांनी टी-शर्टवर लाल धग रंगवून घेतली.

"सर, लई भारी तारा काढला तुम्ही!"

सरांनी वही मिटली. त्या दिवशी पुढं वाचलं नाही.

तलावाकडच्या मैदानात चार मजूर कुटुंबांनी पालं ठोकली होती. आम्हाला तिथं क्रिकेट खेळायचं होतं. तारा छातीवर घेऊन हुसकायला गेलो, तर पहिल्या पालापुढं सर खुर्ची टाकून बसलेले.

"सर, उठा. तुमचा काय संबंध?"

"व्हय रे? तारा माझा, अन् संबंध नाय?"

मागून कुणीतरी हसलं. दगड सुटला. सरांच्या उजव्या हाताची बोटं मोडली.

तो दगड माझा होता. गौरवग्रंथात असं लिहितात का, ठाऊक नाही. सरांनीच लिहायला सांगितलं. दुसऱ्या सकाळी पालं उठून गेली होती. त्या मैदानात आम्ही एकदाही खेळलो नाही.

मी पळायला पिशवी भरली, तर प्लास्टर घातलेले सर दारात उभे.

"निघाला का? लिवणारा हात तू मोडला. आता तूच लिव."

तेव्हापासून सर सांगतात, मी लिहितो. कुठंच न टिकणारा मी इथं टिकलो. माझ्या चुकांवर सर हसत नाहीत, डाव्या हातानं नुसती खूण करतात. जेवताना पहिली भाकरी माझ्या ताटात पडली की मगच स्वतः घेतात.

कादंबरी शेवटाशी अडली. मी विचारलं, "सर, अंगावर पडलेली किरणं पुन्हा उतरतात का?"

"मला काय इचारतो? पडली तुझ्यावर. जा, ती पालातली मान्सं शोध."

हिंडत हिंडत त्यातल्या ठकूबाई मला शेंद्र्यात एका बांधकामावर सापडल्या. मी माफी मागितली. त्या विटा रचतच राहिल्या.

"माफीचं काय करू? माझी पोर अजून पोरांचा घोळका दिसला की लपती. ते सांग तुझ्या सरांना."

सरांनी ते ऐकलं, डाव्या हातानं वही माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाले, "हेच लिव. जसंच्या तसं." शेवट अजून झालेला नाही.

सर, पंचाहत्तरीनंतरही तुम्हाला खूप निरोगी वर्षं लाभोत. थंडीत ती बोटं ठणकू नयेत. किरणं उतरतात का, हे तुम्ही सांगेपर्यंत मी लेखणी धरून बसलोय. ती पिशवी केव्हाच रिकामी केलीय.