नेत्राणीच्या पाण्यात कमरेला दोर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते. विश्वास ठेवायला नाही, चुका शोधायला. कुठे माणूस थकलेला असतो, कुठे औषधाच्या गुंगीत असतो, कुठे नुसता वारा असतो... बहुतेक वेळा मला कारण सापडतं. आज माझंच लिहिते आहे. तुम्हीही कारण शोधा, माझी हरकत नाही. फक्त 'आत्मा' हा शब्द माझ्या तोंडी घालू नका.

मी धुळ्याला देवपूरमध्ये राहते, एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आम्ही बौद्ध. श्राद्ध, पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा वडिलांनी दीक्षेच्या वेळी घेतली होती. आम्ही भावंडांनी ती न घेताच पाळली. दादा, माझा मोठा भाऊ, त्यात माझ्याहून कडक. "मी गेल्यावर वंदना घ्या, पुस्तकं वसतिगृहाला द्या. बाकी तमाशा नको," असं तो भाकरी मोडता मोडता सांगायचा.

मागच्या वर्षी तो गेला. मला भेटून मोटरसायकलवर जळगावला परत जाताना, रस्त्यातच. त्याच्याबद्दल इथे इतकंच लिहिता येईल.

वहिनी जळगावला पिंप्राळ्यात राहतात. तिथल्या बायकांनी त्यांच्या मनात भरवलं की असं अचानक गेलेलं माणूस अडकून राहतं, गोकर्णाला जाऊन शांती करावी लागते. मग कॉलनीची सहल निघाली, मुरुडेश्वर आणि गोकर्ण. वहिनींनी नाव दिलं. मीही दिलं... त्यांना अडवायला. खरं कारण तेवढंच.

बसमध्ये मी विचारलं, "वहिनी, दादाला हे आवडलं असतं का?"

"त्यांना माझी वांग्याची भाजीबी आवडायची नाही, ताई. करायची थांबले का मी?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरुडेश्वरला सगळ्या बायका दर्शनाच्या रांगेत निघाल्या. मला रांगेत उभं राहायचं नव्हतं. लॉजच्या काउंटरवर नेत्राणी बेटाचा फोटो लावलेला होता. समुद्रात तासाभराच्या अंतरावरचं निर्मनुष्य बेट, काळे कडे, वर रान. बेटावर उतरायचं नाही, नाव जवळ थांबवून पाण्यात स्नॉर्केलिंग करायचं, म्हणजे नळीने श्वास घेत तोंड खाली घालून तरंगायचं, दुपारी परत. मी लगेच नाव नोंदवलं. वहिनी मागे येऊन उभ्या.

"मीबी येते."

"तुम्हाला पोहता येत नाही."

"नावेत बसीन. एकट्या जाशात आन परत नही उनात, तं मी लोकेसले काय सांगू?" वहिनींचं माहेर दोंडाईचा. चिडल्या की अहिराणीत शिरतात.

नाव बंदराबाहेर पडली आणि उडायला लागली. "माय वं! ही नाव शे का झोका?" एवढं म्हणून वहिनींनी पिशवीत तोंड घातलं, ते बेट आलं तरी काढलं नाही.

आता विहिरीचं सांगावं लागेल.

आमचे मामा रावेरकडे एका केळीच्या मळ्यात कामाला होते. उन्हाळ्यात आम्ही तिकडे जायचो. दादाने मला त्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवलं. माझ्या कमरेला काथ्याचा दोर बांधायचा, गाठ नेहमी डाव्या बाजूला, आणि दुसरं टोक धरून तो काठावर उभा. पाण्यात तोंड घातलं की मला हाका ऐकू येत नसत. म्हणून आमची एक खूण ठरलेली होती — दोन छोटे झटके आणि मग एक लांब ओढ. म्हणजे, पुरे झालं, वर ये.

नेत्राणीला आमच्या गाइडने सगळ्यांना जॅकेट घातलं आणि नावेला दोराने बांधलेली रबरी रिंग पाण्यात टाकली. "रिंग मत छोड़ना, मॅडम." मी म्हटलं, मला पोहता येतं. त्याने मान हलवली, पण त्याच्याभोवती पाण्याला घाबरलेली चार माणसं लटकलेली होती.

मी पाण्यात तोंड घातलं आणि... आवाज गेला. खाली प्रवाळ, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे, उन्हाच्या हलत्या रेघा. वर्षभरात पहिल्यांदा कोणी मला काही समजावत नव्हतं. मी रिंग सोडली.

विहिरीत शिकलेल्या माणसाची एक खोड असते, ती मला तेव्हा माहीत नव्हती. विहिरीचं पाणी कुठे जात नाही. कितीही वेळ तोंड खाली घालून तरंगा, डोकं वर काढलं की तोच काठ, तोच दादा. त्यामुळे मधूनमधून वर बघायची सवयच लागत नाही. मी मासे बघत राहिले. आपण वाहत चाललो आहोत हे मला कळलं नाही.

मग कमरेला झटका बसला. छोटा. लगेच दुसरा. आणि मग लांब ओढ — मागच्या बाजूला. काथ्या कातडीला चावतो तसा जॅकेटच्या खाली चावला, डाव्या कुशीला गाठ रुतली. मी पाय मारत नव्हते, तरी मागे सरकले.

डोकं वर काढलं. समोर दगड होते. लाट त्यांच्यावर फुटून पांढरी होत होती, आणि मधे फारसं अंतर उरलं नव्हतं. नाव पार मागे राहिलेली. गाइड दुसरी रिंग घेऊन पोहत माझ्याकडे येत होता. पोचल्यावर धापा टाकत तो ओरडला, "आप तो सीधा पत्थर पे जा रही थीं! रुकीं कैसे?"

मी कमर चाचपली. दोर नव्हता.

नावेत चढले तर वहिनी नावेच्या मधोमध पाय फाकवून उभ्या. चेहरा पांढराफटक. नाव चालवणारा म्हणाला, "ये मॅडम अचानक खड़ी हो गईं. आँखें बंद. और ऐसे करने लगीं..." त्याने रिकाम्या हातांनी करून दाखवलं. दोन छोटे झटके. मग एक लांब ओढ, हातावर हात टाकत. "हम समझे चक्कर आया. फिर उधर देखा, तो आप दूर."

"वहिनी, काय झालं?"

"माले समजनं नही, ताई... हात एकदम जड झाले. सोडू म्हटलं तर सोडवेना." त्यांनी तळवे उघडले. दोन्ही तळव्यांवर आडवा लाल पट्टा, काथ्याचा पीळ उमटावा तसा.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत त्या तळव्यांना खोबरेल लावत बसल्या होत्या. मी हरले असं मला वाटत होतं. म्हटलं, "उद्या गोकर्णाला तुम्हाला जे करायचं ते करा. मी अडवणार नाही."

"काय करायचं?"

"दादाची शांती."

"ते कुठून आले मधी?" वहिनींनी बाटलीचं झाकण लावलं. "ओढलं कोणी? मी. ओकून ओकून आतडी पिळवटली व्हती, तरी ओढलं. जन्मभर राबायचं मी आन नाव त्यांचं. आता मेल्यावरबी त्यांचंच?"

मला हसू फुटलं. मग रडूच आलं. वर्षभरात पहिल्यांदा दुसऱ्या कोणासमोर. त्या जवळ सरकल्या. "त्यांची कसली शांती करता? ते गेले. मला घोर व्हता तो तुमचा."

गोकर्णाला बाकीच्या बायका देवळात गेल्या. आम्ही दोघी बाहेर कॉफी पीत बसलो. वहिनींनी दोनदा मागवली.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. परतणाऱ्या लाटेने मागे ओढलं असेल, जॅकेटचा पट्टा रुतला असेल. असेल. वहिनींनी नावेतला एखादा दोर धरला असेल. मी पाहिलं, त्या बसल्या होत्या तिथे लोखंडी दांडा होता आणि ताडपत्री. दोर होता तो रिंगचा, पार दुसऱ्या टोकाला. दादाने कधीतरी ती खूण त्यांना सांगितली असेल. त्यांना विहिरीचं काही आठवत नाही. पण समजा, सांगितली. तरी मी कुठे वाहत चालले आहे, हे डोळे मिटून पिशवीत तोंड घातलेल्या बाईला कोणी सांगितलं?

दादा आला होता, असं मी म्हणणार नाही. तो मेला आहे आणि त्याच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. पण काही घडलंच नाही, असंही कोणी मला सांगू नये. ते तळवे मी माझ्या हातात धरले होते. मला ओढलं ते जिवंत माणसाने. कसं, ते मला माहीत नाही. अजूनही नाही.

वहिनींना आता पोहायला शिकायचं आहे. मामांच्या त्या मळ्यातली विहीर अजून आहे, मालकांना विचारून ठेवलंय. उन्हाळ्यात जाऊ. त्यांच्या कमरेला दोर मी बांधणार, डाव्या बाजूला गाठ मारून, आणि काठावर मी उभी राहणार. त्या खुणेचा अर्थ काय होता, ते मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. पाण्यात तोंड घातलं की दोन छोटे झटके देईन, मग एक लांब ओढ.

बघू, वर येतात का.