मिस्त्रीकाकांचं दुसरं ताट

मिस्त्रीकाका एकटे जेवत, पण ताटं दोन मांडत. वणीजवळच्या कोळसा खाणीच्या चाळीत त्यांची खोली आमच्या भिंतीला भिंत लावून होती. मी तेव्हा नवी नवरी. मला वाटलं, पाहुणा येणार असेल. पाहुणा काही आला नाही. जेवण झाल्यावर काकांनी ते कोरडं ताटही घासून पालथं घातलं. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "एकच ताट मांडलं की घर रिकामं दिसतं, बाय."

काका मूळचे गोव्याचे. खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपावर मिस्त्री होते. ते डुक्कर खातात म्हणून त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो, पण चाळीच्या डोक्यातून आमची जुनी जात गेली नव्हती. त्यामुळे ही दोन घरं एकमेकांच्या माठातलं पाणी बेलाशक पीत.

रविवारी काकांची बिडाची पसरट कढई शेगडीवर चढे. गोव्याहून आईनं घरी करून पाठवलेले चोरीस, म्हणजे मीठ-मिरची-व्हिनेगरात मुरवून आतड्यात भरलेले डुकराच्या मांसाचे तुकडे, माळेसारखे दोऱ्यात बांधलेले असत. त्यातले दोन तोडून ते मधोमध ठेवत, भोवती बटाट्याच्या फोडी. ना तेल, ना पाणी, ना मीठ. झाकणावर निखारे ठेवले की स्वतः बाजूला बसत. मी झाकणाला हात लावला, तर ओरडत. चोरिसाची चरबी सुटते, बटाटा तीच पितो, आपण मध्ये लुडबुड करायची नाही, असं त्यांचं म्हणणं. मी तर भाजीला दहादा ढवळणारी बाई!

एका वैशाखात त्यांची आई गेल्याचं पत्र आलं, तेही महिन्यानं. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता, परवान्याशिवाय जाता येत नसे. काका परवान्यासाठी मुंबईला गेले आणि जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेले. खोलीत चोरिसांची शेवटची माळ टांगलेली होती.

मी खोली झाडायला गेले तर माळ तेलकट होऊन ठिबकत होती. आमच्याकडे मांस टिकवायचं तर उन्हात वाळवतात. माझी आई छपरावर मांसाच्या चान्या घालायची, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. मी शहाणीनं माळ उचलली आणि टिनाच्या छपरावर टाकली. चार दिवस कडक ऊन दिलं. सगळी चरबी टिनावरून वाहून गेली आणि हातात काळी चिपाडं राहिली.

काका परवान्याशिवायच परतले. मी ती चिपाडं त्यांच्यापुढे ठेवली. "काका, खराब होतीन म्हणून म्या उन्हात टाकले. मले काय मालूम?"

त्यांनी एकेक तुकडा हातात घेऊन पाहिला. रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी बटाटे चिरले, माझ्याकडून शेंगदाण्याचं तेल मागून घेतलं आणि कढई चढवली. त्या दिवशी ते सारखं झाकण उघडत होते, ढवळत होते, परत झाकत होते. मी दाराशी रडत होते.

"रडू नको गो," ते म्हणाले. "चरबी गेली. मीठ अजून तिच्याच हातचं आहे."

आणि दुसरं ताट माझ्याकडे सरकवलं. डुक्कर मी कधी खाल्लं नव्हतं, पण मुकाट्यानं जेवले. चिवट होतं आणि खारट होतं.

पुढे गोवा मोकळा झाला. चाळीतले म्हणाले, आता जा घरी. "आता कुणाकडे?" एवढंच ते म्हणाले. त्यानंतर वर्षभरात त्यांची बदली झाली आणि जाताना कढई माझ्या ओट्यावर ठेवून गेले. त्यांचं पत्र कधी आलं नाही.

आता आमचे हेही नाहीत, मुलं नागपुरात आहेत. कधीतरी मी त्या कढईत नुसते बटाटे भाजते, झाकणाला हात न लावता. मग ताटं घेते. दोन.